सतरा नंबर गळत नाही

मित्रांनो, माझ्या आत पाण्याचा एक थेंब शिरत नाही. अख्खा समुद्र वरून ओता, मी आतून कोरडा. हे मी नाही म्हणत, सगळे म्हणायचे. अंदमानातल्या एका लहानशा बेटावर डायव्हिंगच्या दुकानात चाळीस खुंट्यांना चाळीस मास्क लटकलेले असायचे. त्यातल्या माझ्याकडेच बोट दाखवून लोक सांगायचे, "सतरा नंबर गळत नाही."

तर अशा माझ्या आत आजवर काय काय शिरलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे पुढे लाज जरा कमी वाटेल. समुद्राचं पाणी शिरलं. मिशी शिरली. खोबरेल, हळद आणि कुंकू शिरलं. एक कुरमुरासुद्धा शिरला. तो अजून झालरीच्या घडीत आहे.

मी पाण्याखाली बघायचा मास्क. मास्क म्हटल्यावर कोरोनातला तो फडका डोळ्यांसमोर आणू नका. तो तोंड झाकायचा. मी डोळे आणि नाक झाकतो, आणि तोंड मोकळं ठेवतो, कारण पाण्याखाली माणूस पाठीवरच्या टाकीतली हवा नळीने तोंडातूनच घेतो. मला पुढे जाड काच, काचेभोवती मऊ रबरी झालर, आणि मागे डोक्याला ताणून बसवायचा पट्टा. पाण्यात नुसते डोळे उघडले तर सगळं धुरकट दिसतं. डोळे आणि पाणी यांच्यामध्ये थोडी हवा लागते. ती ओंजळभर हवा सांभाळायची, एवढंच माझं काम. एवढंसं काम, तेही मला ऐन वेळी जमलं नाही. म्हणून तर आत्मवृत्त सांगायची पाळी आली. ज्यांना जमलं ते अजून खुंटीवर आहेत.

माझा जन्म साच्यातला. एका दिवसात माझ्यासारखे हजारभर जन्मले, तेव्हा बारशाचं काही विचारू नका. खोक्यातून आणि दोन बोटींतून मी त्या बेटावर पोचलो. तिथल्या एकाने ऑइलपेंटने माझ्या पट्ट्यावर १७ काढलं आणि मला खुंटीला अडकवलं.

तिथल्या समुद्राला समुद्र म्हणायला जीभ रेटत नाही, इतका तो गरीब. सकाळी तर ताटात पाणी ठेवल्यासारखा. कमरेएवढ्या पाण्यातून चालत जायचं, हळूच खाली बसायचं, की दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोलीवर प्रवाळाची बाग सुरू. एक प्रवाळ कोबीच्या गड्ड्यासारखा, दुसरा सांबराच्या शिंगांसारखा, तिसरा सोललेल्या अक्रोडासारखा. मधून निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. पोपटासारख्या चोचीचा एक मासा दिवसभर प्रवाळ कुरतडत बसायचा. आपण दाढेखाली चणे फोडावेत तसा त्याचा आवाज खाली ऐकू यायचा.

माझ्यातून हे सगळं कितीतरी लोकांनी बघितलं. काही जण तर खाली गेल्यावर रडले. (ते पाणी डोळ्यांतून आलं होतं, ते माझ्या नावावर धरू नका.) वर आल्यावर मात्र बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "त्या पिवळ्याचं कालवण करतात का हो?"

मला खुंटीवरून काढायची ती बहुतेक वेळा रेश्मा. रेश्मा पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीची. सावित्रीच्या डोहात पोहायला शिकली, मुंबईत दोन वर्षं एका ऑफिसात फायली लावून वैतागली, आणि एका जाहिरातीवरून थेट अंदमानात पोचली. पर्यटकांना हाताला धरून खाली न्यायचं आणि धडधाकट वर आणायचं, हे तिचं काम. घाबरट माणूस आला की ती मलाच काढायची. मी गळत नाही म्हटल्यावर माणूस अर्धा तिथेच शांत व्हायचा.

वाडीला मात्र ही नोकरी पटत नव्हती. मला हे कसं कळलं? संध्याकाळी आम्हाला गोड्या पाण्यात धुताना रेश्मा फोन स्पीकरवर ठेवायची.

"पन तू करतेस काय गो तिथं?" तिची आजी, बनुबाई, दर वेळी विचारायच्या.

"आजी, मी लोकांना मासे दाखवते."

"मासे काय दाखवायचे असत्यात? मासे खायचे असत्यात."

मग फोन हैबतीकाकांकडे जायचा. हे रेश्माच्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. वाडीत कुठलीही गोष्ट त्यांना आधी कळायची, आणि नाही कळली तर ते स्वतः तयार करायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "अंदमानात आपनहून कोन जातं? धाडत्यात. आपल्या वाडीतला मानूस गुन्हा करून करून महाडच्या कोर्टापातूर गेला असंल. तू डायरेक्ट अंदमान! काय केलंस ते तरी सांग बाय, आपन वकील बघू."

रेश्मा हसायची. पण एके दिवशी तिचं हसू थांबलं. दुकानाने तिला मोठ्या ट्रेनरच्या कोर्ससाठी निवडलं होतं. एप्रिलमधल्या एका सोमवारी हजर व्हायचं होतं. आणि त्याच आठवड्यात आजीने फोनवर सांगितलं की तुडीलचं एक स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, तू आता घरी ये.

रेश्माची आई ती लहान असतानाच गेली. आजीनेच तिला वाढवलं, त्यामुळे त्या घरात आजीचा शब्द शेवटचा. पण आजी अन्यायी नव्हत्या. त्यांनी तोड काढली. "मालोजी तिकडं जाईल. पोरगी काय करते ते आपल्या डोळ्यांनी बघंल. येऊन मला सांगंल. मंग मी सांगेन, जायचं का नाय ते. तवर मी तुडीलला लेकीकडं जाते नि त्या पोराला बघून येते."

म्हणजे सगळं आता मालोजीकाका, रेश्माचे वडील, काय बघतात त्यावर आलं. आणि मालोजीकाकांच्या डोळ्यांवर कोण बसणार होतं? मी.

मालोजीकाका आले. उंच, शांत माणूस, पण मिशी अशी की माणसाच्या आधी मिशी बोटीतून उतरली. दोन्ही टोकं कानाच्या दिशेने निघालेली. रेश्माने मला खुंटीवरून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "बाबा, हा सतरा नंबर. हा कधीच गळत नाय."

मी फुगलो. रबर असल्यामुळे जरा जास्तच फुगलो.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मास्क गळू नये म्हणून झालर चामडीला चिकटावी लागते. मध्ये केस आले की पाण्याला वाट मिळते. रेश्माने चाचरत विचारलं, "बाबा, जरा नाकाखालची कापूया का? थोडीच."

मालोजीकाका एकदम ताठ झाले. "आई जिती हाय माझी."

त्यांच्याकडे आई किंवा बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. त्याआधी उतरवणं म्हणजे मरण घरी बोलावणं. रेश्माने पुन्हा विषय काढला नाही. तिने मिशीला बोटभर व्हॅसलिन चोपडलं, माझी झालर त्यावर दाबून बसवली, आणि आम्ही खाली गेलो.

पहिली दोन मिनिटं मी एक थेंब आत येऊ दिला नाही. मिशी असूनसुद्धा! हे मी अजूनही अभिमानाने सांगितलं असतं. पण तेवढ्यात समोरून एक निळा मासा आला. पहिलाच मासा. तो काकांच्या काचेसमोर थांबला आणि त्यांच्याकडे बघू लागला. काका खूश झाले. आणि चाळीस वर्षं खूश झाल्यावर ते जे करत आले तेच त्यांनी केलं. हात वर नेला, माझ्या झालरीखाली बोट घातलं, आणि मिशीला पीळ दिला.

अख्खा समुद्र आत आला. माझ्या आत भरतीच आली म्हणा. काकांच्या डोळ्यांत, नाकात, सगळीकडे खारं पाणी. रेश्माने त्यांना वर आणलं. ते काठावर बसून पंधरा मिनिटं खोकत होते. तेव्हापासून मला तोंड लपवावंसं वाटतं. पण मी दुसऱ्यांच्या तोंडावर बसणारा, मी कुठे लपवू?

"दिसलं का काय, बाबा?" रेश्माने विचारलं.

"एक मासा दिसला," काका म्हणाले. "पन तू नाय दिसलीस."

संध्याकाळी मला धुताना रेश्माने फोन स्पीकरवर ठेवला नाही. माझ्या झालरीवर बोट फिरवून कुठे फाटलंय का बघत राहिली. कुठेच फाटलं नव्हतं. त्याचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खोलीतून बाहेर आले ते तोंडावर टॉवेल धरून. रेश्माला वाटलं दाढ दुखतेय. त्यांनी टॉवेल काढला. मिशी नव्हती. मिशीखाली इतकी वर्षं ऊन न लागलेला पांढरा पट्टा होता, भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर दिसतो तसा.

"बाबा! आजी!"

"आईला कोन सांगनार हाय? घरी जाईपातूर उगवंल." ते दुसरीकडे बघून म्हणाले. "तू जे करतेस ते बघायलाच आलोय ना? मंग बघूनच जानार."

मित्रांनो, माझ्यासाठी एका माणसाने मिशी उतरवली. मी मनाशी ठरवलं की आज प्राण गेला तरी गळायचं नाही. आणि खरंच, त्या दिवशी मी गळलो नाही. पण माझं नशीब बघा.

डायव्हिंगमध्ये एक पद्धत आहे. ती ऐकायला घाण वाटेल, पण जगभर चालते. पाण्यात उतरण्याआधी मास्कच्या आत काचेवर थुंकायचं, बोटाने चोळायचं आणि विसळायचं. तसं केलं की काचेवर वाफ धरत नाही. रेश्मा रोज चाळीस मास्कांत थुंकते. त्या सकाळी ती माझ्यात थुंकली आणि मला फळीवर ठेवून टाक्या बघायला गेली.

काकांनी ते पाहिलं. काकांचं पित्तच खवळलं. दसऱ्याला नांगर धुऊन पुजणारा तो माणूस. कोयत्यावरून पाय गेला तर कोयत्याच्या पाया पडणारा. "जी वस्तू रोजी देते तिच्यावर थुंकतेस?" ते पुटपुटले. रेश्माला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी मला नळाखाली नेलं, घासून धुतलं, आणि आजीने प्रवासाला दिलेली पिशवी उघडली. पिशवीत खोबरेलाची बाटली, हळदकुंकवाच्या पुड्या आणि प्रसादाचे कुरमुरे. काचेला त्यांनी आतून खोबरेल लावलं, चकाकी यावी म्हणून. मधोमध हळदीचं बोट, त्यावर कुंकू. चार कुरमुरे वाहिले. तीन उचलून खाल्ले. हात जोडून म्हणाले, "काल चुकलं. आज नीट दाखव रे बाबा."

मला हाक मारून असं मागणं आजवर कुणी मागितलं नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं, काका, थुंका हो, थुंका! पण आम्हा मास्कांना तोंड नसतं.

खाली उतरल्यावर दोन मिनिटांत काचेवर वाफ धरली. खोबरेल काचेवर पसरून सगळं धुरकट झालं. काकांना घाम आला, घामाने कुंकू सुटलं, आणि कुंकवाचे ओघळ हळदीतून काचभर पसरले. बाहेर निळंशार पाणी, आणि काकांना सगळं रंगपंचमीसारखं. आतलं पाणी कसं काढायचं हे रेश्माने त्यांना शिकवलं होतं, मास्कची वरची कड दाबायची आणि नाकाने जोरात हवा सोडायची. काकांनी सोडली. पाणी नव्हतंच. कुंकू मात्र उडालं आणि डोळ्यांत गेलं.

तो पोपटतोंड्या मासा हातभर अंतरावर चणे फोडत होता. काकांना तो दिसला नाही. बाग दिसली नाही. दुसरं कुणी असतं तर वर गेलं असतं. काका डोळे मिचकावत तिथेच राहिले, कारण काचेच्या खालच्या कोपऱ्यात बटणाएवढी एक जागा स्वच्छ राहिली होती. ते मान मागे टाकून त्या बटणातून बघायला लागले.

त्याच वेळी शेजारचं गिऱ्हाईक बिथरलं. नाशिकचे एक जाडजूड गृहस्थ. डावा हात रेश्माने काकांच्या जाकिटाला घातला होता, उजव्या हाताला हे. त्यांनी एकदम लाथा झाडल्या आणि तोंडातली हवेची नळीच काढून टाकली. माणूस पाण्याखाली घाबरला की असाच वेड्यासारखा वागतो. रेश्माने काकांना सोडलं नाही. उजव्या हाताने नळी पकडली, त्यांच्या तोंडात परत बसवली, आणि तळहात त्यांच्या छातीवर ठेवून त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. ते तिला बोचकारत होते. तिच्या हातातून रक्त आलं. ती हलली नाही. घाबरलेल्या बैलाला गोठ्यात उभं करावं तसं तिने त्यांना नुसत्या नजरेने उभं केलं. मग सावकाश, दोघांनाही घेऊन, वर.

हे सगळं काकांनी माझ्या बटणाएवढ्या जागेतून पाहिलं. वर आल्यावर त्यांचं तोंड कुंकवाने लाल होतं. काठावरच्या एका बाईने रक्त समजून किंकाळी फोडली.

"काय दिसलं, बाबा?" रेश्माने भीत भीत विचारलं.

"दिसलं," काका म्हणाले आणि तोंड धुवायला नळाकडे गेले. रेश्माला वाटलं, काही दिसलं नाही आणि हे माझ्या समाधानासाठी बोलतायत.

हळदीने माझी झालर जन्माची पिवळी झाली. मॅनेजरांनी मला उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "याला आता लोकांच्या तोंडावर लावता येणार नाही." अठरा नंबर माझ्याकडे बघत होता. मी खाली बघितलं. रेश्माने मला बाबांना देऊन टाकलं. अशा रीतीने एका नवरदेवासारखा पिवळा होऊन मी काकांच्या गळ्यात लटकत विमानात आणि मग रेल्वेत बसलो. आजीचा निकाल ऐकायला रेश्माही सोबत निघाली.

वाटेत मिशी उगवली नाही. वाटेत मिशा उगवत नाहीत. वीर स्टेशनला उतरेपर्यंत काकांचा जीव टांगणीला लागला होता. आई जिवंत असताना मी मिशी काढली, काही वाईट तर होणार नाही ना, हे त्यांनी रेश्माला पनवेलपासून सहा वेळा विचारलं. रिक्षाने ते महाडच्या स्टँडवर आले, आणि चहा पिण्यासाठी काकांनी तोंडावरचा टॉवेल काढला.

समोर हैबतीकाका उभे होते. बांधाच्या दाव्याची तारीख होती म्हणून ते कोर्टात आले होते. त्यांनी मालोजीकाकांची कोरी ओठपट्टी बघितली. हातातली पिशवी खाली पडली. धावत येऊन त्यांनी मिठी मारली.

"गेली रे मालोजी! म्हातारी गेली!"

हैबतीकाकांच्या डोक्यात गणित पक्कं होतं. म्हातारी तुडीलला होती, पोराने मिशी उतरवली, म्हणजे म्हातारी गेली आणि हे तिकडूनच आले. इकडे मालोजीकाकांना वाटलं, हैबतीदादा तुडीलची खबर घेऊन आलाय. आणि खबर ऐकून त्यांना नवलही वाटलं नाही. त्यांनी सहा वेळा विचारलं होतं. सातव्यांदा उत्तर मिळालं.

"कधी रे दादा?"

"आता कधी ते काय घेऊन बसलास!"

"कुठं हाय ती?"

"येईल की वाडीवर. चल तू."

"काका, तुमाला कुनी सांगितलं?" रेश्माने रडत विचारलं.

"सांगायला कशाला लागतं गो? तोंडाकडं बघितलं की कळतं."

रेश्माने तुडीलला आत्याला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तोवर हैबतीकाकांनी दोन फोन करून टाकले होते. एक वाडीवर, "बांबू तोडा, पानी तापवा." दुसरा मुंबईला, "असाल तसे निघा."

एसटीत मी काकांच्या छातीवर होतो. छाती आतून हलत होती. त्यांना वाटत होतं, मिशी उतरवून आईला आपणच मारलं. आणि मिशी कुणासाठी उतरवली? माझ्यासाठी. मित्रांनो, गळणं परवडलं, पण ही लाज नको.

वाडीवर अंगणात माणसं जमली होती. एका बाजूला तिरडी बांधणं चाललं होतं. दुसऱ्या बाजूला तीन दगडांवर घंगाळ, त्यात म्हातारीच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी. शेजारच्या मैनाकाकी ओटीवर बसून गळा काढत होत्या.

"माज्या काकीसारखी बाई व्हनार नाय गो! कधी कुनाला वाकडं बोलली नाय गो! माजी कोंबडी तिच्या परसात गेली तर दाने टाकायची गो!"

वाडीत सगळ्यांना माहीत होतं की त्याच कोंबडीवरून दोघींचं शिमग्यापासून बोलणं बंद होतं. पण अशा वेळी कुणी चुका काढत नाही.

कुंपणाबाहेर टमटम येऊन थांबली. तिच्यातून तुडीलहून बनुबाई आजी उतरल्या. हातात पिशवी, पिशवीत लेकीने दिलेला सुका जवळा. त्यांनी अंगणातली गर्दी बघितली आणि कुंपणापाशीच थांबून मैनाकाकींचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. कोंबडीच्या दाण्यांपर्यंत आल्यावर मात्र आत आल्या.

"कोन गेलं गो, मैने?"

"तुमीच की, काकी!" मैनाकाकी हुंदक्यातच म्हणाल्या. मग त्यांनी वर बघितलं.

पुढचा आरडाओरडा मी सांगत नाही. दोन माणसं गोठ्याच्या बाजूने पळाली. मालोजीकाका पळाले नाहीत, ते जागीच लहान पोरासारखे रडायला लागले. आजींचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच.

"माजा दुधीचा मांडव कुनी मोडला?"

सगळ्यांनी तिरडीकडे बघितलं. बांबू तिथूनच आणले होते. आजींनी बांबूंवरून नजर उचलली आणि ती हैबतीकाकांवरून फिरत फिरत मुलाच्या ओठांवर येऊन थांबली.

"मालोजी."

"आई."

"मिशी कुठं हाय?"

"अंदमानात."

आजी ओटीवर बसल्या. मला वाटलं आता रेश्माचा सोमवार गेला. हैबतीकाकांना तेवढंच पाहिजे होतं. "तरी मी सांगत व्हतो काकी, अंदमान चांगलं नाय. बघा, पोरगी गेली ती गेली, मिशी पन गेली. तुडीलला हो म्हना नि सुटा."

"तू गप रे. तू मला बांबूवर चढवत व्हतास." आजी मुलाकडे वळल्या. "मी तुला बघायला धाडला व्हता. काय बघितलंस ते सांग. नि खरं सांग. माज्या जित्यापनी मिशी काढलीस, आता खोटं बोलून आनखी पाप नको."

मयताला आलेलं कुणीही घरी गेलं नाही. रेश्मा दाराला टेकून उभी होती. तिला वाटत होतं, बाबांना काही दिसलंच नाही. मलाही वाटत होतं, आता माझं नाव निघणार.

"मासे नाय बघितले," काका म्हणाले. "एक बघितला, तेवढाच. बाग म्हनत्यात तीबी नाय दिसली. माजीच चूक, मी ह्याला कुंकू लावलं." त्यांनी मला हातात धरलं. "पन एक मानूस पान्याखाली येडा झाला, आई. मरत व्हता. हिनं त्याला एका हातानं धरला नि मला दुसऱ्या. त्यानं हिला फाडली, तरी हिनं सोडला नाय. त्याला वर आनला. मी ते बघितलं. आपल्या वाडीत असं काम करनारा एक गडी दाखव मला."

हैबतीकाकांनी तिरडीचा एक बांबू उचलून दुधीच्या मांडवापाशी नेऊन ठेवला.

"आन तो चष्मा इकडं," आजी म्हणाल्या.

"आजी, ह्याच्यातून पान्यातच दिसतं," रेश्मा म्हणाली.

"पानी हाय की." आजींनी घंगाळाकडे बोट केलं.

"काकी, ते तुमच्या..." मैनाकाकी म्हणाल्या.

"माज्याच आंघोळीचं हाय ना? मंग मला कोन अडवनार?"

घंगाळ खाली उतरवलं. पाणी कोमट होतं. रेश्माने खोबरेल आणि कुंकू पुसून मला स्वच्छ केलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आजी, आत थुंकावं लागतं."

"एवढंच?" आजी माझ्यात खणखणीत थुंकल्या. "माज्या चष्म्याची काच मी रोज तशीच पुसते."

मग त्यांनी मला लावलं, नाकावर दाबलं, आणि घंगाळात डोकं घातलं. रेश्माने आपला उजवा हात पाण्यात सोडला आणि आजींच्या समोर धरला. मनगटावर नाशिककर गृहस्थांनी ओढलेले ओरखडे. मिठाने फुटलेली नखं. दोराने पडलेले घट्टे.

मित्रांनो, त्या घंगाळात मी एक थेंब आत येऊ दिला नाही. वाफ धरू दिली नाही. चार वर्षं समुद्रात काढलेला मी, आणि माझी अब्रू राहिली ती मयताच्या पाण्यात. पण राहिली.

आजींनी डोकं वर काढलं. मला काढलं नाही. काचेतूनच सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "त्या तुडीलच्या पोराचा हात बघितला मी काल. लोन्यावानी हाय. दुपारचा झोपतो." आणि रेश्माकडे वळून, "तुजा हात कामाचा हाय गो. जा तू. सोमवारी जा."

रेश्मा शनिवारी वीरहून गाडीत बसली. सोमवारी ती कोर्सला हजर झाली. मी वाडीतच आहे. काकांची मिशी परत उगवायला लागली आहे आणि आजी दिवसातून एकदा तिची तपासणी करतात. मिरच्या कांडताना त्या मला डोळ्यांवर चढवतात. डोळे झोंबत नाहीत म्हणतात. मैनाकाकीही मला मागून नेतात, म्हणजे दोघींचं बोलणं सुरू झालं.

माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू तुमच्या पोटापाण्याला उपयोगी पडत असेल तर तिची पूजा जरूर करा, पण ती कशी चालते ते आधी विचारून घ्या. काचेची पूजा बाहेरून करा. आत थुंका. आम्हाला वाईट वाटत नाही. आणि मिशी असेल तर पाण्याखाली आनंद झाला तरी हात खाली ठेवा.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी आजी जा म्हणाल्या तेव्हाच मुंबईची पहिली गाडी कुंपणापाशी थांबली. तिच्यातून आजींचे धाकटे भाऊ चांगूमामा हार घेऊन उतरले. घंगाळापाशी ओल्या केसांनी, मला तोंडावर लावून बसलेल्या आजी त्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आलास?" मामा मागे सरले. मागे अंगणाची पायरी होती, ती त्यांना दिसली नाही. डावा पाय मोडला. महाडला प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं.